पुनेश्वर आतैंचं सोवळं

"हात काढ. तोंडावरचा हात काढ म्हणतोय ना," असं म्हणत खगेन नावाड्यानं केसवाल्याच्या बोटांवरच वल्हं हाणलं. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला.

सत्रातले, म्हणजे वैष्णव मठातले साधू पुनेश्वर आतै त्याच वेळी वाळूची चढण चढून वर येत होते. नदीत आंघोळ झालेली, अंगावर ओलं धोतर, खांद्यावर पाण्याची पितळी कळशी. सत्राच्या गाभाऱ्यातला सकाळचा दिवा त्यांच्या हातचा. आंघोळ झाल्यापासून दिवा लागेपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही, हे माजुली बेटावरचं शेंबडं पोरही जाणून होतं. त्यांना येताना पाहून माणसं वाट सोडत. आजही सोडली. हातातले बांबू मागे घेऊन सगळे बाजूला सरकले, आणि मधे वाळूत पडलेला माणूस आतैंना दिसला.

खगेनची सात वर्षांची रूनुमी काल संध्याकाळपासून सापडत नव्हती. केसवाला रात्री घाटावरच्या चहाच्या टपरीत झोपला होता. बायकांचे विंचरताना गळलेले केस घ्यायचे आणि बदल्यात स्टीलची वाटी द्यायची, हा त्याचा धंदा. सकाळी कुणीतरी त्याचं पोतं उलटं केलं. काळेभोर लांब केस वाळूवर सांडले. "हे रूनुमीचे," एक बाई म्हणाली. तिथून पुढे कुणी काही विचारलंच नाही.

"आतै, तुम्ही जा," टपरीवाला बिपुल अदबीनं म्हणाला. त्याच्या बांबूच्या टोकाला रक्त होतं. "दिव्याला उशीर व्हायला नको. ह्याचं आम्ही बघतो."

आतैंनी मान खाली घातली आणि ते चालू लागले. आधी दिवा लावू, मग धावत परत येऊ, असं त्यांनी मनाशी म्हटलं. तोंडात नाम होतं. पाठीमागे पुन्हा बांबू पडू लागले. धोब्याच्या दगडावर ओलं कापड आपटावं तसे, एकामागून एक. प्रत्येक फटक्याला नामातलं एक अक्षर गळू लागलं.

आणि त्यांचं धोतर मागून ओढलं गेलं.

केसवाला वाळूतून सरपटत आला होता. डावा डोळा मिटून काळानिळा झालेला, तोंडातून रक्ताची तार लोंबत होती. मोडलेल्या बोटांनी त्यानं धोतराचा काठ मुठीत धरला होता आणि ती मूठ सुटत नव्हती.

बांबू थांबले. मग त्या बाईनंच कपाळावर हात मारून घेतला. "शिवला ग बाई. आतैंना शिवला."

"पोर पळवली ती पळवली, वर देवाचं सोवळं मोडलं," बिपुल म्हणाला. "आता हा जित्ता जाणार नाही."

इतका वेळ जे नुसते बघत उभे होते तेही आता पुढे सरले. कुणी टपरीचा टेकू उपसला, कुणी होडीतली साखळी आणली. आतैंनी ते पाहिलं. पोरीपायीचा राग एखाद्या वेळी ओसरला असता. हा राग त्यांच्या नावाचा होता, त्यांच्या ओल्या धोतराचा होता.

त्यांनी कळशी खाली ठेवली. वाकून केसवाल्याचा तो मोडका हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. सहाव्या वर्षी आईनं सत्रात आणून सोडलं, तेव्हापासून सकाळच्या पारी माणसाचा ऊन हात त्यांच्या हाताला लागलाच नव्हता.

"नाव काय तुझं?"

"आजमत," तो कसाबसा म्हणाला. "पोर नाही बघितली, बाबा. खरंच नाही बघितली."

"त्यानं मला शिवलं नाही," आतै मोठ्यानं म्हणाले. "मी त्याला धरलंय."

"आतै, बाजूला व्हा," खगेन म्हणाला. त्याचे डोळे रात्रभर जागून तांबारलेले होते. "तुमच्या पाया पडतो. माझी पोर आहे ती. व्हा बाजूला."

आतै झाले नाहीत. ते आजमतच्या अंगावर पालथे झाले. खगेनचं वल्हं वर गेलं होतं ते थांबलं नाही. ते आतैंच्या उजव्या मनगटावर बसलं. पंजा मेल्यासारखा लोंबला. खगेन आपल्या वल्ह्याकडे बघत राहिला.

आरडाओरडा ऐकून सत्रातले वडीलधारे टंकेश्वर आतै काठी टेकत घाटावर आले. त्यांनी सगळं बघितलं. पुनेश्वरचं रक्तानं माखलेलं धोतर, काठावर उमटलेली पाच बोटं. बांबू अजून कुणी टाकले नव्हते.

"पुनेश्वर," ते सावकाश म्हणाले, "नीट आठवून सांग. त्यानं तुला धरलं, का तू त्याला?"

प्रश्न सोपा होता. त्यानं धरलं असेल तर पुन्हा आंघोळ आणि तुळशीचं पाणी, की झालं. पण दिवा टाकून, जाणूनबुजून स्वतः शिवलं असेल तर तो हात पुन्हा कधीही दिव्याला लागायचा नाही. टंकेश्वरांची नजर विनवत होती. बिपुल बांबूवरची मूठ आवळत होता. त्यालाही तेच उत्तर हवं होतं.

"मी धरलं."

"बोटं त्याची उमटलीयत रे, वेड्या."

"मी जवळ गेलो म्हणून उमटली."

"दिवा जाईल तुझा."

"जाईल," पुनेश्वर आतै म्हणाले.

जन्मात खोटं न बोललेला माणूस सगळ्यांदेखत खोटं बोलत होता, आणि ते खोटं आहे हे घाटावरच्या प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी कुणाची जीभ उचलली नाही. आधी साखळी वाळूत पडली. मग एकेक बांबू. शेवटी खगेन मटकन खाली बसला आणि धाकट्या भावाला म्हणाला, "माझी नाव काढ. ह्याला पल्याड जोरहाटच्या इस्पितळात ने."

रूनुमी दुपारी घरी आली. मिसिंग जमातीच्या वस्तीतल्या मैत्रिणीकडे कापड विणताना बघत बसली आणि तिथंच झोपली होती. संध्याकाळी इस्पितळातून निरोप आला, आजमतचा डोळा गेला, जीव राहिला.

गाभाऱ्यातला सांजदिवा दुसऱ्या कुणी लावला. पुनेश्वर आतै प्रार्थनेच्या नामघराच्या बाहेर पायरीवर बसले, जिथे गावची माणसं बसतात तिथे. उजवा हात फळ्यांत बांधून गळ्यात अडकवलेला. अंधारातून खगेन आला आणि चार हात लांब, जमिनीवरच बसला.

"आतै, तो हात..."

"पोर जेवली का?"

"जेवली."

"मग बस. नाम सुरू होतंय."

आत टाळ वाजले. सगळ्यांच्या टाळ्या एका लयीत पडू लागल्या. पुनेश्वर आतैंनी डोळे मिटले आणि डावा तळवा मांडीवर मारायला सुरुवात केली.