ढालीसाठी पास

लोणावळ्याच्या त्या इंग्रजी शाळेत काही मुलं परीक्षेला बसायच्या आधीच पास झालेली असत. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. मास्तरांच्या खोलीत चहा घेताना एखाद्यानं विषय काढलाच, तर दुसरा खिडकीबाहेर बघत म्हणे, "जाऊ द्या हो. पोरं खेळतात, शाळेचं नाव होतं. कुणाचं काय जातं?"

कुणाचं काय जातं ते भिमाजीला त्या पावसाळ्यात कळलं.

भिमाजी भाजे गावचा. त्याचा बाप अंबाजी रेल्वेच्या गँगमध्ये होता, घाटात रूळ सांभाळायच्या कामावर. आई झुंबरबाई घरची भातखाचरं बघायची. पोरगा गावच्या शाळेत चार यत्ता रखडत गेला. अक्षराला अक्षर जुळवत कसंबसं वाचायचा. पण मळवलीच्या माळावर पोरं चिंध्यांचा चेंडू खेळायची, त्यात त्याला कुणी अडवू शकत नसे. तिथंच एकदा हौशीराम मास्तरांनी त्याला पाहिलं. मास्तर लोणावळ्याच्या शाळेत कवायत शिकवत आणि शाळेचा फुटबॉलचा संघ त्यांनीच उभा केलेला. ते थेट अंबाजीच्या दारात गेले.

"पोराला माझ्याकडे द्या. राहायची, जेवायची सोय शाळा करील. खेळेल आणि शिकेलही."

अंबाजीनं त्यातलं 'शिकेल' एवढंच ऐकलं आणि हात जोडले.

भिमाजी खेळला मात्र पुष्कळ. सकाळी मैदान, संध्याकाळी मैदान, मधल्या वेळी वर्गात डुलक्या. पहिल्या परीक्षेत इंग्रजीचा कोरा कागद देऊन तो रडवेला होऊन मास्तरांकडे गेला. मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू गोलाचं बघ. पेपराचं मी बघतो."

तेव्हापासून त्याचे पेपर बद्रुद्दीन लिहू लागला. बद्रुद्दीन बाजारपेठेतल्या शिंप्याचा मुलगा, वर्गात कायम पहिला. त्याला मास्तरांच्या शब्दावर शाळेत फुकट प्रवेश मिळाला होता आणि त्याची फेड अशी करायची होती. स्वतःचा पेपर संपला की पलीकडच्या खोलीत बसून दुसरा लिहायचा, जरा चुका करून, जरा वेडंवाकडं अक्षर काढून. दोघं पोरं एका बाकावर बसत, पण निकालाच्या दिवशी एकमेकांकडे बघत नसत. असं करत भिमाजी इंग्रजी सहावीत, मॅट्रिकच्या अलीकडच्या वर्गात, आला आणि संघाचा कप्तान झाला. दरम्यान त्याला येत होती ती अक्षरंही विसरायला झाली.

त्या साली शाळा-शाळांतल्या फुटबॉल ढालीच्या सामन्यांत तळेगावला त्यांनी पुण्याच्या एका नामांकित शाळेला हरवलं. मावळची पोरं जिंकली म्हणून तिथल्या गावकऱ्यांनी खूश होऊन मांडव घातला, हार आणले, मानपत्र दिलं. कुणीतरी हौसेनं म्हणालं, "कप्तानानंच वाचून दाखवू द्या की!"

भिमाजी मानपत्र हातात घेऊन उभा राहिला. पहिलं अक्षर 'स' असावं. त्याला दुसरं चिकटलेलं होतं, पुढं आणखी एक जोडाक्षर. तो तिथंच अडकला. मांडवातली कुजबुज हळूहळू थांबली. बायका पदर सावरून बघू लागल्या. बाहेर पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. शेवटी हौशीराम मास्तर पुढे झाले, त्यांनी कागद काढून घेतला. "ओरडून ओरडून घसा बसलाय पोराचा," ते हसत म्हणाले. लोकांनी टाळ्या पिटल्या. हरलेल्या शाळेच्या मास्तरांनी मात्र पिटल्या नाहीत. ते भिमाजीच्या ओठांकडे बघत बसले होते.

परतीच्या गाडीत भिमाजी खिडकीशी एकटाच बसला. काहीतरी आपल्या मागं लागलंय आणि ते आता थांबणार नाही, असं त्याला वाटत राहिलं.

तसंच झालं. पुण्याच्या शाळेनं तक्रार केली की हा कप्तान विद्यार्थीच नव्हे, त्याच्या नावानं दुसराच कुणी परीक्षा देतो. तपासनीस साहेब शनिवारी चौकशीला येणार, असं कळलं. रविवारी अखेरचा सामना होता. शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष रखमाजीशेट यांनी भिमाजीला बोलावून घेतलं. हौशीराम मास्तर तिथं भिंतीशी उभे होते.

"घाबरू नकोस," शेट म्हणाले. "बद्रुद्दीननं मैत्रीखातर, आपल्या मनानं तुझा पेपर लिहिला. तुला काही माहीत नव्हतं. एवढंच सांगायचं."

"मग बद्रुद्दीनचं काय व्हईल?"

"नाव काढून टाकतील. शिंप्याचा पोर आहे, शिलाई करील. त्याच्याशी बोलणं झालंय." शेटांनी पानाचा विडा तोंडात घातला. "रविवारी रेल्वेचे मोठे साहेब सामना बघायला येतायत. त्यांना रेल्वेच्या संघात खेळाडू हवाय. ढाल आली की तुला घाटातल्या सिग्नलच्या केबिनीत नोकरी. तुझा बाप उन्हापावसात पहार मारतो, तू वर छपराखाली बसशील."

 मग शेटांचा आवाज आणखी मऊ झाला. "आणि तुझ्या बापाचा मुकादम माझ्या शब्दाबाहेर नाही, हेही ध्यानात ठेव."

भिमाजीनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खाली बघत होते.

दुसऱ्या दिवशी तो भाज्याला गेला. दिवसाढवळ्या अंधारल्यासारखं झालं होतं. धुकं लेण्यांच्या डोंगरावरून उतरून शेतात येऊन बसलं होतं. दूर कुठंतरी गाडीनं शिट्टी दिली, पण ती कुठल्या अंगाला आहे ते कळेना.

अंबाजी त्या दिवशी घरी होता. केबिनीतल्या नोकरीचं कानावर पडताच त्याचा चेहरा फुलला. "अगं ए, ऐकलंस का?" त्यानं झुंबरबाईला हाक मारली. "आपला भिमा केबिनीत बसनार!" मग तो लेकाशेजारी टेकला. "तुला म्हाईत न्हाई भिमा, केबिनीतला बाबू आमचा देव हाय. गेल्या सरावनात दरड आली. आमी समदे रुळावर. धुकं आसं, का सोताचा हात दिसंना. झेंडीवाला हुबा हुता, पन झेंडी दिसनार कुनाला? बाबूच्या हातात तारंचा कागद आला, त्यानं वाचला आन गाडी वरच धरून ठेवली. न्हाईतर तुजी आई आज कपाळ पुसून बसली आसती. आता तितं आमचाच मानूस. लय झ्याक झालं."

 बापाच्या तोंडावरचं ते समाधान भिमाजीला बघवेना.

"आबा," तो म्हणाला, "मला कागद वाचता येत न्हाई."

"म्हंजी?"

"इंग्रजी येत न्हाई. मराठीबी धड येत न्हाई. माजे पेपर बद्रुद्दीन लिवतो. मी एकबी लिवल्याला न्हाई."

 चुलीपाशी झुंबरबाईचे हात थांबले होते.

"मंग इतकी वर्सं तितं केलंस काय?" अंबाजीनं विचारलं.

"खेळलो."

"आन मास्तर काय करत हुते?"

"त्यास्नी ढाल पायजे व्हती."

अंबाजी उठला, दारात जाऊन बाहेरच्या धुक्याकडे बघत उभा राहिला. बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळंच भिमाजीला जास्त भीती वाटली.

"मला वाचता येत न्हाई. म्हनून माज्या हातात पहार दिली, कागद दिला न्हाई. त्यात माजा काय अपमान न्हाई. पन तुज्या हातात कागद देनार, आन तो तुला येनार न्हाई. एक दिस त्या कागदावर आमचं मरन लिवल्यालं आसंल भिमा, आन तू त्याच्याकडं नुस्ता बघत बसशील."

भिमाजीला तळेगावचा मांडव आठवला. तसाच कागद, तशीच शांतता. फक्त खाली मांडवातले लोक नाहीत, रुळावर वाकलेली माणसं, त्यात आपला बाप. 

"शनवारी साहेब इचारनार हायत; समदं बद्रुद्दीनवर ढकलायला सांगितलंय. खरं बोललो तर तुमचं काम जाईल, आबा. शेट तसं म्हनले."

"जाऊ दे. पहार धरनाऱ्याला कामाची वान न्हाई."

झुंबरबाई पहिल्यांदाच बोलली. "आन त्या शिंप्याच्या पोराचं रं? त्याच्या आईनं काय तुजं वझं व्हायला धाडलं हुतं त्याला शाळंत?"

शनिवारी शाळेच्या मोठ्या खोलीत सगळे जमले. तपासनीस साहेब टेबलामागं, शेजारी रखमाजीशेट, भिंतीलगत मास्तर मंडळी. बद्रुद्दीनला आधी विचारलं.

"होय साहेब," तो पाठ केल्यासारखं म्हणाला. "मीच लिहिला. माझ्या मनानं लिहिला. भिमाजीला माहीत नव्हतं." त्याचे कान लाल झाले होते. या एका वाक्यानं आपली शाळा संपली, हे त्याला कळत होतं.

"तू जा बाहेर," शेट घाईनं म्हणाले. "आता कप्तानाचं ऐकू."

भिमाजी पुढे आला. त्यानं बद्रुद्दीनचा दंड धरून त्याला तिथंच थांबवलं.

"तो खोटं बोलतोय, साहेब. त्याला तसं बोलायला लावलंय. तो नेहमी माझे पेपर लिहितो, आणि मला नेहमी ते माहीत होतं." त्याचा आवाज फाटला. "मला वाचता येत नाही, साहेब! मी सहावीत आहे आणि मला वाचता येत नाही!"

 रखमाजीशेट खाकरले. "पोरगं बिथरलंय. सामन्याची धास्ती..."

"मास्तर," तपासनीस साहेबांनी हौशीरामांकडे वळून विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

हौशीराम मास्तरांनी शेटांकडे पाहिलं, मग त्या दोन पोरांकडे. भिमाजीनं अजून बद्रुद्दीनचा दंड सोडला नव्हता. 

"मुलगा खरं बोलतोय," ते म्हणाले. "पेपर मी नेत होतो, मीच आणून ठेवत होतो. मंडळाला माहीत होतं. पोरांचा दोष नाही. एकाला शिकू दिलं नाही आणि दुसऱ्याच्या हुशारीला आम्ही चोरी शिकवली."

यानंतर सगळं गोड झालं असं मानू नका. शाळेला ढालीतून काढलं. रविवारी मैदानावर जमलेले लोक शिव्या देत परतले. त्याच संध्याकाळी कुणीतरी बद्रुद्दीनच्या बापाच्या दुकानाच्या फळ्या फोडल्या. बद्रुद्दीनला त्याच वर्गात आणखी एक वर्ष काढावं लागलं. अंबाजीला मुकादमानं कामावरून बसवलं, आणि सबंध हिवाळा तो दुसऱ्यांच्या शेतात राबला. हौशीराम मास्तरांची नोकरी गेली. रखमाजीशेट मात्र अध्यक्ष राहिले. अशी माणसं लवकर हलत नाहीत.

भिमाजी शाळा सोडून गावी आला. बाजाराला जाताना लोक त्याच्याकडे बोट दाखवत. त्यानं चेंडूला पाय लावणं सोडलं होतं.

मग एके सकाळी हौशीराम मास्तर भाज्याला आले. अंगणात उभे राहून ते अंबाजीला म्हणाले, "तुमच्या पोराला मी चांगलं शिक्षण देईन असं सांगून नेलं होतं. मी त्याच्या पायांना शिकवलं आणि बाकीचा पोरगा उपाशी ठेवला. मला ते पुरं करू द्या."

 अंबाजीनं ओसरीवर घोंगडी टाकली.

मास्तर तळेगावच्या एका दुकानात हिशेबनीस म्हणून लागले होते; सुट्टीच्या दिवशी गाडीनं येत. बद्रुद्दीनही लोणावळ्याहून येऊ लागला. त्यानं आता पेपर लिहून दिला नाही; चुकलं की भिमाजीकडून तेच वाक्य पुन्हा लिहून घेतलं. दोघं भांडत, मग हसत. हळूहळू गावची आणखी पोरं त्या ओसरीवर येऊन बसू लागली. भिमाजी तिसऱ्या खेपेस मॅट्रिक झाला. नापास झाला त्या दोन्ही वेळा अंबाजीनं निकाल ऐकून मान डोलावली आणि झुंबरबाईला सांगितलं, "ह्यो निकाल तरी त्याचा सोताचा हाय."

बंधुभगिनींनो, ढाल कुणाला नको असते? गावाचं नाव व्हावं असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. पण न शिकवता वर चढवलेलं पोर कड्याच्या टोकावर उभं असतं, आणि खाली कोण काम करतंय हे त्याला दिसत नसतं. आपल्या शाळेत असं काही चालत असेल तर 'कुणाचं काय जातं' असं म्हणून चहाचा पेला उचलू नका. विचारा. मोठ्यानं विचारा. कारण कुणाचं काय जातं याचं उत्तर ज्या दिवशी आपोआप मिळेल, त्या दिवशी विचारायला फार उशीर झालेला असेल.