शोकसभेत कर्णा का बंद पडला

सुज्ञ वाचकहो, एका थोर विनोदी लेखकाच्या पत्नीच्या शोकसभेत कर्णा मध्येच बंद पडला, त्याचे खरे कारण मी आज येथे नमूद करीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले असले, तरी अठरा वर्षे या लेखकांच्या, म्हणजे आमच्या साहेबांच्या, प्रत्येक कार्यक्रमास मी कर्ण्याच्या यंत्राजवळ बसलो असल्याने हा अधिकार माझ्याकडे येतो.

साहेब विमा कचेरीत कारकून होते. जेवणाच्या सुट्टीत लिहिता लिहिता त्यांची सोळा पुस्तके झाली, नोकरी सुटली आणि सभागृहे भरू लागली. सर्वांत गाजली ती कुलपाची गोष्ट. "आमची ही" दाराला कुलूप लावते, जिना उतरते, पुन्हा वर जाऊन ओढून पाहते, असे तीन वेळा. तोवर गाडी निघून जाते. आरंभी साहेब चेहरा पाडून म्हणत, "हसू नका, प्रकरण गंभीर आहे," आणि तेवढ्यावरच हशा उसळे.

वहिनींची मात्र या गोष्टीतून बाजारातही सुटका नव्हती. दुकानदार पुडी बांधताना विचारी, "काय वहिनी, कुलूप लावलंत ना?"

"तीनदा लावलं हो. तुम्ही साखर नीट तोला."

मीही एकदा जिन्यात तेच विचारले होते. त्या हसल्या होत्या.

वहिनी गेल्या. आठवड्याने शोकसभा भरली. साहेब बोलावयास उभे राहिले.

"त्या दिवशी दवाखान्यातून एकटाच घरी आलो. कुलूप काढायला गेलो, तर..."

मागच्या रांगेत कोणी फिसकन हसले. मग आणखी एक.

"हसू नका," साहेब म्हणाले. "खरंच गंभीर आहे."

झाले! सारे सभागृह खो खो हसू लागले. एक गृहस्थ डोळे पुसत शेजाऱ्यास म्हणाले, "काय माणूस आहे! आजसुद्धा सोडत नाही!"

साहेब विनोद करीत नाहीत, हे मला जवळून दिसत होते. कोणासही न विचारता मी बटण बंद केले. हशा ओसरला, लोक कानामागे हात धरून बसले. कर्णा बंद झाल्याचे साहेबांस भान नव्हते. ते बोलत राहिले, आणि चार हातांवरून ते मला एकट्यास ऐकू आले.

"कुलूप ती एकदाच लावायची. परत परत जाऊन बघायचो तो मी. लिहिताना लाज वाटली, म्हणून तिच्या नावावर घातलं. एकतीस वर्षं तिनं ऐकून घेतलं. आज सगळ्यांसमोर ते परत घेतोय."

खाली उतरल्यावर त्यांनी विचारले, "मशीन बिघडलं का रे?"

"मीच बंद केलं, साहेब. लोक हसत होते."

"हसू द्यायचं होतंस. शेवटपर्यंत ऐकलं असतं, तर थांबले असते."

"पुन्हा चालू करू?"

"कुणासाठी? उठले बघ सगळे."

"मी ऐकलं, साहेब."

"तू ऐकून काय होणार?"

त्यानंतर साहेब व्यासपीठावर चढले नाहीत. दोन महिन्यांत तेही गेले. त्याच सभागृहात त्यांची शोकसभा झाली. तीन वक्त्यांनी कुलपाची गोष्ट सांगितली, आणि माझ्याच कर्ण्यातून ती रस्त्यापर्यंत स्वच्छ ऐकू गेली. तेव्हा उठून बोलावयास हवे होते. माझे धाडस झाले नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

वहिनी कुलूप एकदाच लावीत असत, एवढे वाचकांनी कृपा करून चार जणांस सांगावे. येथवर वाचलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपला नम्र,
कर्णेवाला