रजतला शिक्षा

"हसा ना घनश्यामजी! जोरात हसा. तो बघतोय."

"किस बात पे, मैडम?"

"बात काही नाही हो. बस, हसायचं!"

रंगपंचमीच्या सुट्टीत, मांडूच्या रूपमती मंडपावर, यामिनी पिंगळे सूड घेत होती. त्यासाठी लागणारी सामग्री तिने इंदूरहूनच आणली होती: पिवळा ड्रेस, काळा चष्मा आणि घनश्याम पाटीदार. पहिल्या दोन वस्तू कोऱ्या होत्या. तिसरी भंवरकुआंच्या, म्हणजे इंदूरच्या क्लासेसनी गजबजलेल्या भागातल्या, एका कोचिंग क्लासमधली. यामिनी तिथे रिसेप्शनवर बसे आणि घनश्याम फोन करकरून विद्यार्थी गोळा करी.

रजतने तिला मेसेजवर सोडलं होतं. "सध्या करिअरवर फोकस करतोय." ते करिअर आता गुलाबी ओढणी सावरत त्याच्या शेजारी उभं होतं. नाव सुरभी. मांडूची ही सहलसुद्धा यामिनीनेच आखलेली. रजतने त्यात मुलगी तेवढी बदलली होती.

तिला एवढंच करायचं होतं. त्याच्यासमोरून हसत जायचं, आणि रडायचं नाही.

पण तो जवळ आला, आणि तिचं हसू ओठांवरच लटपटलं. काळ्या चष्म्याआड काहीतरी भरून येऊ लागलं. तेवढ्यात रजतचा फोन वाजला. त्याने कापला. पुन्हा वाजला.

"सकाळपासून कोण आहे रे हे?" सुरभीने विचारलं. "स्पीकरवर टाक."

"अगं, कुणी नाही यार."

"स्पीकरवर!"

फोनमधून मधाळ आवाजात एक बाई बोलली, "रजतजी, पटवारी का नया बैच शुरू हो रहा है. आपने तो बहुत इच्छा जताई थी!"

"कसली इच्छा?" सुरभी कडाडली. "बँकेत मॅनेजर आहेस ना तू? मग पटवारीची परीक्षा कशाला? नोकरी गेली का तुझी?"

रजत उत्तर देणार, तोच फोन पुन्हा वाजला. या वेळी नर्सिंगची प्रवेशपरीक्षा होती.

यामिनी हळूच घनश्यामकडे वळली. "हे... तुम्ही?"

"आपने ही तो कहा था, मैडम," घनश्याम अभिमानाने म्हणाला. "रजत को शिक्षा देनी है, कुछ करो. मैंने पूरे भंवरकुआं में नंबर बाँट दिया."

इंदूरच्या मराठी माणसाचं हिंदी अस्खलित असतं. फक्त ऐन संतापात एखादा शब्द घरचा निघून जातो. यामिनीला अद्दल घडवायची होती. घनश्यामने विद्यादान ऐकलं.

ती हसली. आधी खुदकन, मग पोट धरून, मग पायरीवर बसून, चष्मा काढून. रजत बघतोय की नाही, हे बघायचं ती विसरली. मागे सुरभीची उलटतपासणी चालूच होती. "ओ भिया, नहीं बनना मुझे नर्स!" रजत फोनवर कुणावर तरी ओरडत होता.

परतीच्या बसमध्ये घनश्यामने चाचरत विचारलं, "अब मन में उसके लिए राग तो नहीं?"

घनश्याम सत्संगाला जाणारा. त्याच्या हिंदीत राग म्हणजे ओढ. यामिनीच्या मराठीत राग म्हणजे राग. या वेळी तिने दोन्ही अर्थ नीट चाचपून पाहिले.

"नाही," ती म्हणाली. दोन्ही भाषांत.

ऊन घनश्यामच्या खिडकीकडून येत होतं. यामिनीने काळा चष्मा उचलून त्याच्या डोळ्यांवर चढवला.

"अब हँसूँ, मैडम?"

"तुमची मर्जी," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहू लागली.