माझ्या सत्काराची मेजवानी

मी साक्सौलच्या डहाळीवरून बोलतोय. जरा वाकून ऐका. तिळाएवढा आहे मी. शेतातल्या माव्या-तुडतुड्यांचा दूरचा भाऊबंद. धंदा तोच, झाडाचा रस पिण्याचा. मात्र आम्हाला साक्सौलखेरीज दुसरं झाड चालत नाही.

मी गाठीत वाढलो. आई डहाळीवर अंडी घालते, पिल्लं रस ओढू लागली की झाड वैतागून तिथे फुगतं आणि खवल्याखवल्यांची गाठ धरतं. तीच आमची खोली. झाडाला त्रास होतो, कबूल. पण मुळापासून तोडलंय कुणी? आम्ही नाही.

मध्य आशियातल्या किझिलकुम वाळवंटात आमचं सगळं कुळ एकाच टेकाडावरच्या एकाच म्हाताऱ्या झाडावर नांदत होतं. बालजान नावाची किडे अभ्यासणारी मुलगी दोन उन्हाळे वाळू तुडवत आम्हाला शोधत होती. उतरायची कुलिपा आपाकडे. आपा विधवा, उंट पाळणारी, तोंडाची फटकळ.

"काय गं, उवा शोधायचा पगार मिळतो तुला?"

"उवा नाहीत आपा, नवी जात आहे. जगात कुणी पाहिलेली नाही."

"मी रोज पाहते. मी काय जगात नाही?"

बालजान खळखळून हसली. कुणी हात लावू नये म्हणून तिने झाडाला लाल फीत बांधली आणि शहरात आपल्या गुरुजींना कळवलं.

गुरुजी, म्हणजे तुरसुनबेक आगाय, मोटारीतून आले. भिंगातून क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "वाटलंच होतं मला!"

"आगाय, या जातीला आपांचं नाव देऊ या का?" बालजानने चाचरत विचारलं.

"किड्याला माझं नाव?" आपा उसळली. "गावात तोंड दाखवू कशी? आगायांचंच द्या. त्यांना शोभेल."

आगायांनी डोळे मिटून होकार दिला. असा मी तुरसुनबेकी झालो. बालजान नुसती भिंग पुसत राहिली.

गावप्रमुख झोलदास आनंदाने फुलला. एवढा मोठा शोध आपल्या गावात! मेजवानी तर हवीच. मेंढा कापला. आणि मांस भाजायला साक्सौलसारखं लाकूड नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. त्याने माणसं पिटाळली. टेकाडावर लाल फीत बांधलेलं झाड दिसलं. त्यांना वाटलं, तोडायचं झाड कुणीतरी खूण करून ठेवलंय. किती ही सोय!

कुऱ्हाड पडली तेव्हा मी डहाळीला घट्ट धरून होतो.

जेवणाआधीच्या भाषणात आगाय म्हणाले, "या जिवाचं रक्षण हीच आपली प्रतिष्ठा!" टाळ्या पडल्या. मग त्यांनी हवेत नाक फिरवलं. "वा, काय धूर आहे!"

बालजानने चुलीकडे पाहिलं. सरपणाच्या ढिगात लाल फीत लोंबत होती.

ती धावली. सणाच्या पोशाखासकट ढिगावर पडली आणि गाठी असलेल्या डहाळ्या उपसू लागली. एक तर पेटलेली होती, तीही ओढली.

"अगं, आधी मांस तर भाजू दे!" झोलदास ओरडला.

"आधी तुम्हालाच भाजते!" म्हणत कुलिपा आपा पदर खोचल्यासारखा झगा आवरून पुढे झाली आणि तिने उरलेल्या डहाळ्या कवटाळल्या.

दोघींनी त्या आपाच्या उंटांच्या वाड्यामागच्या कोवळ्या साक्सौलला बांधल्या. बालजानचा तळहात चांगलाच भाजला होता. आपा त्यावर मेंढीची चरबी चोळत शिव्या देत होती, कुणाला ते तिलाच ठाऊक.

जुन्या डहाळ्या वाळल्या, पण त्याआधी आमच्यातले काही नव्या झाडावर उडी मारून पोचले. मी त्यातलाच.

शहरात आगायांनी दुःखाने जाहीर केलं की तुरसुनबेकी जात नामशेष झाली आणि तिला जिवंत पाहणारे शेवटचे विद्वान म्हणजे ते स्वतः. त्यांना पदक मिळालं. बालजानला पत्रकारांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आगायांचा शब्द मी कसा मोडू?"

आता ती येते, आपाकडचा चहा पिते, माझ्या गाठी बघते आणि कुणाला काही न सांगता जाते. आम्ही बरे आहोत. पोरंबाळं वाढताहेत. तुम्हीही कधी इकडे आलात आणि आम्ही दिसलो, तर खुशाल बघा. फक्त हात जोडून विनवतो, आमचा सत्कार करू नका.