काच उघडा, मी उभीच आहे

मित्रांनो, मी एक जुनी पॉवर ट्रॉली आहे, आणि मला वजन नाही. लढाऊ विमानांच्या एका कॉम्प्युटर गेममध्ये मी धावपट्टीच्या कडेला उभी असते. माझा पिवळा रंग चितारलेला, चाकांवरचा चिखल चितारलेला, एवढेच काय, अंगावरचा ओरखडासुद्धा कुणीतरी हौसेने काढलेला. काम मात्र खऱ्यासारखे. इंजिन बंद असते तेव्हा विमानाच्या दिव्यांना, रेडिओला, दिशायंत्रांना वीज कुठून मिळणार? बॅटरी असते, पण ती थोड्याच वेळात दम टाकते. म्हणून माझी जाड वायर विमानाला जोडतात. इंजिन फिरून स्वतःची वीज करू लागले की मला बाजूला नेतात. गरज सरो, वैद्य मरो.

गेम नवा होता तेव्हा माझे कौतुक झाले. मग सगळ्यांना घाई झाली. एक बटण दाबले की विमान आयते सुरू, नाहीतर खेळ थेट आकाशातच. मी आपली उन्हात उभी. मला फार वाईट वाटे, उगाच कशाला लपवू?

पुन्हा माणसे भेटली ती नागपूरजवळच्या वाडी गावातल्या एका भाड्याच्या खोलीत. प्रीती तिथल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला जाते आणि संध्याकाळी हा गेम खेळते. तिचे वडील नागसेन यांनी जन्मभर खऱ्या विमानांना खऱ्या ट्रॉल्या जोडल्या. निवृत्तीनंतर त्यांना लकवा मारला. जीभ सावरली, पण उजवा हात मांडीवर पडून राहिला. आत्ताच हलवला नाही तर तो कायमचा आखडेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो नागसेन यांनी पलंगाखाली लोटून दिला. प्रीती हात धरायला गेली की म्हणत, "मी काय लहान लेकरू आहो का?" जन्मभर दुसऱ्याला वीज पुरवलेल्या माणसाला स्वतः घ्यायची वेळ आली, त्याची लाज वाटत होती.

एका रविवारी प्रीतीने त्यांच्या डाव्या हातात माउस दिला. "आज तुम्हीच चालू करा विमान."

नागसेन यांनी सगळ्यात आधी काय केले असेल? कॉकपिटची काच लावून घेतली. नागपूरच्या मे महिन्यात काँक्रीटवर उभा राहिलेला माणूस तो. झळा आणि धूळ आधी बाहेर, बाकी नंतर. मग बॅटरी चालू केली.

"ट्रॉली घ्या, बाबा."

"नाही लागत मले."

दिशायंत्रे जागी व्हायला वेळ लागतो. बॅटरी उतरत गेली, दिवे मंद झाले. तेव्हा कुठे त्यांनी मला बोलावण्याचे बटण दाबले. पुन्हा दाबले. मी दहा पावलांवर होते. वायर धरून चित्रातला जवानही तयार होता. पण काच बंद असली की आमच्यापर्यंत हाक पोचत नाही, असाच हा गेम घडवलेला आहे. माझा जीव नुसता तळमळला. विमानात अंधार झाला.

"काहून येऊन नाही राहिले वं हे लोक?"

"काच लावून बसले तुम्ही. बाहेरच्याले ऐकू कसं जाईन, बाबा?"

नागसेन यांनी माउस बाजूला ठेवला. मग म्हणाले, "खरा पायलट हाक नाही मारत. हात दाखवते."

"कसा?"

डावा पंजा आडवा धरायचा आणि उजव्या हाताची बोटे खालून त्याला टेकवायची. वायर जोडा, अशी ती खूण. त्यांचा डावा पंजा वर गेला आणि तिथेच वाट बघत राहिला. उजवा हात मांडीवरून जरासा उचलला, पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. प्रीती जागची हलली नाही. मदतीला गेल्याबद्दल तिने आजवर पुष्कळ बोलणी खाल्ली होती.

"बघून काय राहिली," नागसेन म्हणाले. "कोपर धर जरा."

तिने कोपर धरले. हात वर आला. बोटे पंजाला टेकली, वाकडीतिकडी का होईना, टेकली. प्रीतीने दुसऱ्या हाताने काच उघडली, माझे बटण दाबले. वायर जोडली गेली आणि विझलेले सगळे दिवे लागले. आजवर सगळे मला नुसत्या बटणानेच बोलावत आले होते. बटणाच्या आधी माणसाच्या हाताने बोलावले ते त्या दिवशी.

नागसेन सांगत गेले, प्रीती बटणे दाबत गेली आणि इंजिन स्वतःच्या जोरावर फिरू लागले. आता वायर काढा, अशी खूण द्यायची होती. त्यासाठी टेकलेली बोटे दूर न्यावी लागतात.

"कोपर सोड आता," नागसेन म्हणाले.

तिने सोडले. हात क्षणभर तसाच वर राहिला. तो पडला नाही. नागसेन यांनी तो स्वतः खाली घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रीतीला पलंगाखालचा चेंडू काढून मागितला.

मित्रांनो, मला विसरलात तरी चालेल, मी चित्रच आहे. पण तुमच्या घरात कुणी काच लावून बसले असेल, तर रागावून दूर जाऊ नका, जवळपास उभे राहा. आणि तुमचीच बॅटरी उतरू लागली, तर अंधार होईपर्यंत थांबू नका. आधी काच उघडा. वायर घेऊन कुणीतरी दहा पावलांवर उभे असते.