उजवीकडची सावली

एक अंगठा. उजवा.

बादलीचं झाकण, सव्वा वर्ष.

लाल, गोल पोटाचं एक अक्षर. मागे शब्द नाही, पुढे शब्द नाही.

“काळा रंग बाहेर ठेवा आणि मग आत या.”

काचेची पेटी, मापं घेऊन झालेली.

काही संदर्भ लागतोय का? नाही ना? मित्रांनो, चाळीस वर्षं माझं हेच झालं आहे. जो तो माझा एक तुकडा बघतो आणि निघून जातो. म्हणून आज मीच बोलते.

मी एक जुनी रंगपाटी आहे. चित्रकार जिच्यावर रंग काढून घेतात, कालवतात आणि काम झालं की पुसायला हमखास विसरतात, ती. मी वैतागलेली आहे हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी तोंड वाकडं करायला नको.

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका माणसानं मला घडवलं. गल्ली त्यांना पेंटर म्हणायची, त्यांची मुलगी बाबा म्हणायची. गिऱ्हाइकानं परत पाठवलेल्या एका पाटीचं शेवटचं टोक त्यांनी करवतीनं कापलं, कडा काचकागदानं घासल्या आणि अंगठ्यासाठी भोक पाडलं. मुलगी डावखुरी. सगळे तिला डावरीच म्हणत. ब्रश तिच्या डाव्या हातात, म्हणून मी उजव्या. भोक सहा वर्षांच्या अंगठ्याच्या मापाचं होतं. ती वाढली तसं बाबांनी ते कानशीनं दोनदा मोठं केलं. तिची उंची भिंतीवर कुणी मोजली नाही, माझ्यात मोजली.

माझी एक बाजू कोऱ्या लाकडाची, तिच्यावर रंग. दुसऱ्या बाजूला त्या परत आलेल्या पाटीचं शेवटचं अक्षर, अख्खं. ही बाजू कायम डावरीच्या मनगटाकडे असायची. तुम्ही तरी ती लक्षात ठेवा. तिनं ठेवली नाही, आणि पुढचा सगळा ताप त्यातूनच झाला.

डावरी चित्रशाळेत गेली. तिथले मास्तर तपकिरी रंगाचे भक्त. सुरई तपकिरी, पडदा तपकिरी, समोर बसवलेला म्हातारा तर जन्मतःच तपकिरी असावा असा. तीन वर्षांत माझ्यावर चिखलाचा थर चढला. मास्तरांचं तिच्याशी एकाच बाबतीत वाजायचं. खिडकी उजवीकडे, म्हणजे वस्तूची सावली डावीकडे पडायला हवी. डावरीच्या चित्रात ती उजवीकडे. मास्तरांनी एकदा सगळ्या वर्गासमोर विचारलं, तुमच्या घरी सूर्य सावलीच्या बाजूनं उगवतो का? वर्ग हसला. डावरीनं सावली खरवडली, मान खाली घालून डावीकडे काढली. पुढच्या चित्रात ती पुन्हा उजवीकडे होती. मास्तरांनी नाद सोडला.

मग ती एका निसर्गचित्रकाराकडे शिकायला गेली. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. काळा रंग बाहेर ठेवून आत या, हे त्यांचं पहिलं वाक्य. काळा हवा असेल तर निळ्यात तपकिरी घालून करायचा, आणि तो माझ्यावर करायचा. एकेका काळ्यासाठी अर्धा अर्धा तास मला घोटलं आहे. पण गुरुजी भल्या सकाळी, उजेड डाव्या हाताला घेऊन बसायचे, त्यामुळे त्यांच्या झाडांच्या सावल्या उजवीकडेच पडायच्या. डावरीला पहिल्यांदाच कुणी चूक म्हणालं नाही. ती तिथे पाच वर्षं राहिली.

नंतर वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आलं. त्यातला चित्रकार ब्रश वापरतच नसे, रंग सुरीनं थापायचा. झालं! डावरीनं सुरी आणली. माझ्या अंगावर पाहाल तर चरे दिसतील, ते त्या पुस्तकाचे. त्यानंतर तिला पाण्यात विरघळणारे रंग आणि फेकून द्यायच्या कागदी बशा आवडू लागल्या. मला तिनं मोरीतल्या बादलीवर झाकण म्हणून ठेवलं. सव्वा वर्ष. माझ्या भोकातून आत झुरळं जायची. मी हे कुणाकडे बोलले नाही, पण विसरलेही नाही.

एक दिवस तिला तैलरंगांतल्या जवसाच्या तेलाच्या वासाची आठवण झाली आणि तिनं मला परत उचललं. माफी नाही, धुणं नाही. सरळ वरून पांढरा ओतला. तरीही खरं सांगते, पुढची दहा वर्षं तिनं काढलेलं काम बघण्यासारखं होतं. मास्तरांचा तपकिरी होता, गुरुजींचा काळा होता, पुस्तकातल्या सुरीचा जाड थर होता, आणि तरी चित्र त्यांच्यापैकी कुणाचंच नव्हतं. हे मला कळत होतं. मी लाकूड आहे, तरी कळत होतं.

समीक्षकाला कळलं नाही. तिच्या मोठ्या प्रदर्शनाची बातमी आली तेव्हा त्यानं लेख लिहिला. तपकिरी रंग मास्तरांकडून, जाड थर पुस्तकातून, उजवीकडची सावली गुरुजींकडून. मग या बाईंचं स्वतःचं काय, असं त्यानं शेवटी विचारलं होतं.

लेख खोलीच्या दाराला चिकटवून डावरी त्याच्यासमोर बसली. पाच महिने तिनं ब्रश उचलला नाही. बारा चित्रं भिंतीला टेकून उभी होती, तेरावं व्हायचं होतं. ज्याच्या दालनात प्रदर्शन भरणार होतं तो दालनवाला दर आठवड्याला यायचा, मोकळी राहिलेली भिंत हातानं हवेत काढून दाखवायचा. शेवटी ती त्याला म्हणाली, “तिथे माझी रंगपाटी ठेवा. माझ्या हातून आता चित्र होणार नाही.”

त्याला कल्पना फार पसंत पडली. त्यानं माझी मापं घेतली. काचेची पेटी, तळाला डिंकासारखं काहीतरी पक्कं, रंग वर आणि अक्षर खाली, कायमचं. मित्रांनो, मी आतल्या आत ओरडत होते, की अगं, एकदा उलटून तर बघ!

पेटी आली त्या दुपारी बाबाही आले होते. त्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. डावरीनं मला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“ही अजून आहे?” बाबा म्हणाले.

“आहे. आता पेटीत जाणार.”

“का, मेली?”

बाबांनी भोकाभोवती बोट फिरवलं, दोन्ही वेळची कानस त्यांना सापडली. मग त्यांनी मला उलटं केलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तळहातानं वरची धूळ पुसली आणि अक्षराच्या फुगीर कडेवरून बोट नेलं.

“हे तुझं अक्षर.”

“माझं कसं? पाटी तुमची होती.”

“अक्षर मी काढलं. सावली तू भरलीस.”

मग बाबांनी सांगितलं. छत्र्यांच्या दुकानाची पाटी होती. अक्षरं उठून दिसावीत म्हणून ते प्रत्येकाला एका बाजूनं काळी सावली द्यायचे. शेवटच्या अक्षराची सावली त्यांनी सहा वर्षांच्या डावरीला भरू दिली, आणि नियम सांगितला की ज्या हातात ब्रश नाही, त्या बाजूला सावली. ते दुसऱ्या कामाला लागले. छत्रीवाला आला तेव्हा सगळ्या अक्षरांच्या सावल्या डावीकडे होत्या आणि शेवटची एकटी उजवीकडे. “माझ्या पाटीवर ऊन दोन बाजूंनी पडतं का?” असं म्हणून त्यानं पाटी परत केली. बाबांनी दुसरी करून दिली.

“मग मला रागावला का नाहीत?”

“कशाबद्दल? नियम तू बरोबर पाळलास. नियमच माझ्या हाताचा होता, तुझ्या नाही.”

डावरीनं मला त्यांच्या मांडीवरून घेतलं आणि अक्षराकडे बघत राहिली. मग एकेका चित्रासमोर जाऊन उभी राहिली. बारा चित्रं, बारा सावल्या, सगळ्या उजवीकडे. गुरुजींचं तोंड तिनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. तिनं दाराचा लेख काढला नाही. फक्त दार पूर्ण उघडलं, त्यामुळे लेख भिंतीकडे गेला.

दालनवाल्याला तिनं फोनवर सांगितलं की पेटीत दुसरं काहीतरी ठेवा, पाटी कामाला लागली आहे. मग पाच महिन्यांच्या वाळक्या रंगावरच, न धुता, अर्थातच न धुता, तिनं निळा पिळला, तपकिरी पिळला आणि काळा घोटायला घेतला. कापडावर तिनं आधी सावली काढली, उजवीकडे. ती कशाची, हे अजून ठरायचं होतं. बाबा विचारत होते, चित्रात कुठवर आलीस, आणि ती सांगत होती.

तेरावं चित्र त्या भिंतीवर लागलं. माहितीपत्रक मात्र आधीच छापून झालं होतं. त्यात मास्तर आहेत, गुरुजी आहेत, पुस्तक आहे. बाबा नाहीत. याला काय म्हणायचं?

तर मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. काम झालं की पाटी पुसा. भोकात अडकलेला रंग काडीनं काढा. बादलीसाठी बाजारात झाकणं मिळतात. आणि हातातली वस्तू कधीतरी उलटून बघा, तिच्या मागे तुमचंच काहीतरी असेल.

छत्र्यांचं ते दुकान पुलाखाली होतं. त्याच्या पाटीवर ऊन कधीच पडत नसे.