काळ्या काठाचं पाकीट

आमच्या राजवाड्यात राजकन्या ओटिली बाईसाहेबांनी आपलं लिहिलेलं काहीही वाचून दाखवलं की टाळ्या व्हायच्याच. थोरले महाराज पेंगत असले तरी टाळ्या. सरदारांच्या बायका तर रुमाल हातात धरूनच येत, रडायची पाळी आली तर उशीर नको. बत्तीस वर्षांच्या त्या बाईला आपल्याला खरंच लिहिता येतं की नाही, हे कोणी सांगत नव्हतं. सांगणार कोण? आपल्याच पोटावर कोण पाय आणेल?

म्हणून त्यांनी एक कादंबरी लिहिली आणि ती माझ्या नावाने लाइपझिग शहरातल्या एका प्रकाशकाकडे धाडली. मी थेक्ला, अकरा वर्षं त्यांची दासी. अक्षर बरं म्हणून सगळी नक्कल मीच केली. उत्तर यायचं ते गावात माझ्या बहिणीच्या बेकरीवर.

एवढं सगळं जपून केलं आणि शेवटी मीच माती खाल्ली. महाराजांचे काका वारले होते, सहा महिन्यांचा दरबारी दुखवटा चालू होता. दुखवट्यात वाड्यातला कागद न् कागद काळ्या काठाचा. त्याची डोळ्यांना इतकी सवय झालेली, की सोबतचं पत्र मी तसल्याच पाकिटात घालून मोकळी झाले. तीन दिवसांनी बहिणीकडे साधं पांढरं पाकीट पाहिलं तेव्हा चूक ध्यानात आली. आमच्या पाकिटांवर मुकुट उठवलेला असतो, म्हणजे पत्र वाड्यातून आलं हे प्रकाशकाला कळणारच.

मी कबूल केलं. बाईसाहेब रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे आता तेही टाळ्याच वाजवणार," त्या म्हणाल्या. "वाजवल्या तर सगळे कागद शेगडीत टाकीन, थेक्ला. पुन्हा लेखणीला हात लावणार नाही."

मग सात आठवडे आम्ही दोघी झुरलो. लोक कौतुकासाठी नवस बोलतात, मी गावच्या देवळात मेणबत्ती लावून शिव्या मागत होते. बाईसाहेबांचं जेवणावरचं मन उडालं. रोज सकाळी मी पडदे सारले की त्या पत्र आलं का म्हणून माझ्या हातांकडे बघायच्या, मग तोंड फिरवायच्या. मला माझाच राग यायचा.

शेवटी एका गुरुवारी बहिणीने पावांच्या टोपलीत तळाशी पत्र दडवून पाठवलं. बाईसाहेबांनी ते खुर्चीत बसून फोडलं. मी मागे उभी. त्यांच्यासमोर कोणी बसत नाही, तशी रीतच आहे.

त्यांनी आधी पत्र मनाशी वाचलं. मग मोठ्याने वाचू लागल्या. प्रकाशकाने आधी माझ्या दिवंगत नवऱ्याबद्दल शोक व्यक्त केला होता. माझं लग्नच झालेलं नाही. पुढे लिहिलं होतं, 'पाकिटावरच्या मुकुटावरून आपण राजवाड्यात चाकरीला असाल असं वाटतं. राजकन्येचं एकटेपण आपण इतकं खरं लिहिलं आहे की नवल वाटतं. पण दासींची पानं छापण्याजोगी नाहीत. आपल्या दासी सदा हसतमुख. स्वतः दासी असून आपण इतकं खोटं का लिहिता? ती पानं बदललीत तर पुस्तक आम्ही काढू.'

माझा जीव भांड्यात पडला. शिव्या मिळाल्या होत्या, अस्सल. पण बाईसाहेब माझ्याकडे वळल्या आणि तो जीव पुन्हा वर आला.

"नक्कल तू केलीस. तुला कळलं होतं?"

अकरा वर्षं या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर होतं, फार सुंदर, बाईसाहेब. तेच ओठांवर आलं. मग सात आठवडे आठवले.

"हो. तिसऱ्या प्रकरणापासून."

"काय खोटं आहे तिथे?"

"राणीच्या वाढदिवशी त्या दासी आनंदाने नाचतात. त्या दिवशी आम्ही पहाटे चारपासून उभ्या असतो, बाईसाहेब. संध्याकाळी पाय इतके सुजतात की जोडे निघत नाहीत. नाचतंय कोण?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आता नोकरी गेली, असं मी धरूनच चालले. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच. मग उठल्या, भिंतीजवळची खुर्ची स्वतः ओढून आणली आणि दौतीचं झाकण काढलं.

"बस," त्या म्हणाल्या. "चारपासून सांग."